ताटलीचे देखणेपण आणि जेवणाऱ्याची सोय: मुंबईतील फाइन डाइनिंगविषयी (चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

चौथी सीट

मुंबईत फाइन डाइनिंग आता पंचतारांकित हॉटेलांपुरते उरलेले नाही. १९९९ मध्ये राहुल अकेरकर यांनी कुलाब्यात 'इंडिगो' सुरू केले, तेव्हा मोठ्या हॉटेलाच्या आधाराशिवाय स्वतंत्र जागेत असे जेवण देणे हेच धाडस होते. २०१६ मध्ये महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात 'मास्क' उघडले. तोपर्यंत काय खायचे हे स्वयंपाकघराने ठरवावे आणि पाहुण्याने एकामागून एक येणारे छोटे पदार्थ विश्वासाने खात जावे, अशा टेस्टिंग मेनूवर रेस्टॉरंट चालू शकेल इतका ग्राहकवर्ग शहरात तयार झाला होता. याच काळात ताटलीवरची मांडणी हा आचाऱ्याच्या कौशल्याचा स्वतंत्र भाग ठरला आणि मेनूच्या किमतीतही तिचा वाटा धरला जाऊ लागला.

माझा प्रश्न या मांडणीविषयी आहे. ती जेवणाच्या अनुभवात भर घालते की अडथळा आणते, आणि हे ठरवायचे कोणत्या कसोटीवर?

मांडणी म्हणजे नुसता दिखावा, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे याच गोष्टीचा अभ्यास करीत आहेत. २०१२ च्या एका प्रयोगात स्ट्रॉबेरीचे एकच मूस (फेसाळ गोड पदार्थ) पांढऱ्या आणि काळ्या ताटलीत दिले गेले, तेव्हा पांढऱ्या ताटलीतले मूस खाणाऱ्यांना सुमारे १० टक्के अधिक गोड वाटले. २०१४ मध्ये तेच घटक असलेली कोशिंबीर तीन प्रकारे मांडली गेली, त्यांतली एक मांडणी कान्डिन्स्की या चित्रकाराच्या चित्रावर बेतलेली होती. ती खाणाऱ्यांनी चवीला अधिक गुण दिले आणि जास्त पैसे मोजण्याचीही तयारी दाखवली. २०१५ मध्ये एडिंबरामधील एका हॉटेलात काही टेबलांवर जड आणि काही टेबलांवर हलके काटे-चमचे ठेवले गेले, तेव्हा जड चमच्यांनी जेवणाऱ्यांना तेच जेवण अधिक आवडले. म्हणजे डोळा आणि हात दोघेही चवीच्या निर्णयात बसलेले असतात, हे मान्य करावे लागते.

मात्र या प्रयोगांत पदार्थ खाण्यात कोणतीही अडचण नव्हती, याकडे दुर्लक्ष होते. मूस काळ्या ताटलीत असो वा पांढऱ्या, चमचा सारख्याच सहजतेने चालत होता. आपल्याकडे मात्र पाटीच्या दगडावर वाढलेला, कडेने ओघळणारा सॉस, सुरी लावताच घरंगळणारा मनोरा, किंवा चमचा आडवा न मावणारी अरुंद खोल वाटी समोर येते आणि तिलाही सौंदर्याच्या नावाखाली सूट मिळते. माझी कसोटी साधी आहे. पदार्थ योग्य तापमानाला समोर यावा, तो कुठून आणि कशाने खायचा हे पाहताक्षणी कळावे, आणि अर्धा खाऊन झाल्यावरही त्याची चव आचाऱ्याला अपेक्षित होती तशीच राहावी. या तिन्हींत टिकणाऱ्या मांडणीचे मी मनापासून कौतुक करीन. मग ती कितीही नटलेली असो.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः जे स्वतः या व्यवसायात आहेत त्यांचे.

गरमतवा

मी या व्यवसायातला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये जो लांब ओटा असतो त्याला आम्ही 'पास' म्हणतो. तिथे दिव्यांच्या उष्णतेखाली ताटल्या शेवटच्या वेळी पाहिल्या जातात, कडा पुसल्या जातात आणि मग स्ट्युअर्ड त्या उचलतो. सहा जणांचे टेबल असेल तर सहाही ताटल्या एकाच वेळी निघायला हव्यात. प्रत्येक ताटलीवर नऊ घटक असतील, तर शेवटच्या ताटलीवर शेवटचे पान चिमट्याने ठेवले जाईपर्यंत पहिल्या ताटलीतला मासा कोमट झालेला असतो. हे गणित पाहुण्याला दिसत नाही, परंतु त्याला जाणवणारा सर्वांत मोठा दोष इथेच जन्माला येतो. मोठी, सपाट, थंड ताटली उष्णता झपाट्याने ओढून घेते. म्हणून ताटल्या आधी तापवून ठेवाव्या लागतात. चमच्याने ओढलेला सॉसचा पातळ पट्टा फोटोत सुंदर दिसतो, पण पातळ थराचा पृष्ठभाग मोठा आणि वस्तुमान नगण्य असल्यामुळे तो टेबलापर्यंत पोचतानाच थंड होतो आणि त्यावर साय धरते. कोवळी हिरवी पाने गरम पदार्थावर माना टाकतात. मुंबईच्या पावसाळ्यात कुरकुरीत तुईल (पातळ बिस्किटासारखी चकती) हवेतला ओलावा शोषून पापडासारखी वातड होते. म्हणून ती रोजच्या रोज करून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी लागते. हे करण्याची तयारी नसेल, तर जून ते सप्टेंबर तो घटक मेनूवरून काढावा, एवढा व्यवहार आचाऱ्याकडे असायला हवा.

दुसरी बाजूही सांगतो. पाहुण्यांना जी नजाकत वाटते ती पुष्कळदा निव्वळ सोय असते. माशाची कातडी वरच्या बाजूला आणि सॉस खाली का? कारण सॉस वर ओतला तर कातडीचा कुरकुरीतपणा जाईल. सूप किंवा सार टेबलाशी आणून तुमच्यासमोर ओततात, त्यात नाट्य आहेच. पण त्यामुळे ते गरम पोचते, वाटीतला कोरडा जिन्नस कोरडा राहतो आणि वाटी नेताना सांडत नाही. ताटलीची रुंद रिकामी कड म्हणजे कंजूषपणा, असे अनेकांना वाटते. त्या कडेमुळे वाढणाऱ्याचा अंगठा अन्नाला लागत नाही.

थोडा इतिहास सांगणे इथे अस्थानी होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये श्रीमंतांच्या टेबलावर सगळे पदार्थ एकदम मांडले जात आणि करेमसारखा आचारी त्यासाठी साखरेच्या इमारती उभ्या करीत असे. ती मांडणी दिमाखदार होती, पण पाहुण्याच्या ताटात पडेपर्यंत बरेच काही थंड झालेले असे. त्याच शतकात एकामागून एक पदार्थ आणण्याची रशियन पद्धत रूढ झाली, ती व्यवहाराच्या बाजूने झालेली सुधारणा होती. पुढे वाढपी मोठ्या पात्रातून टेबलाशी वाढत असे. १९७० च्या दशकात 'नूव्हेल क्युझिन' या नव्या फ्रेंच पाकशैलीच्या लाटेत ताटली स्वयंपाकघरातच सजवून पाठवण्याची पद्धत सर्वत्र पसरली आणि मांडणीचा अधिकार वाढप्याच्या हातून आचाऱ्याच्या हाती गेला. त्या बदलात पाहुण्याने एक गोष्ट गमावली, ती म्हणजे 'एवढेच पुरे' किंवा 'अजून थोडे' असे म्हणण्याची मुभा.

खिडकीची जागा

माझी तक्रार अगदी छोटी आहे. मांडणीच्या शास्त्रात विषम संख्या डोळ्याला बरी वाटते म्हणून छोट्या पदार्थांच्या ताटलीत तीन किंवा पाच नग ठेवतात, हे मला मान्य आहे. परंतु टेबलावर चार माणसे बसलेली असताना तीन कबाब मधोमध ठेवून 'हा पदार्थ सर्वांनी वाटून खायचा आहे' असे सांगण्यामागचा विचार मला आजवर उमगलेला नाही.

पानसुपारी

'अजून थोडे' म्हणण्याची मुभा गेली, या गरमतवा यांच्या वाक्यावर मला लिहायचे आहे, कारण आपल्याकडची पंगत याच मुभेवर उभी होती.

पान वाढण्याची आपली रीत आपण केवळ संस्कार म्हणून सांगतो, पण तिच्याकडे मांडणीचा नमुना म्हणून क्वचितच पाहतो. केळीच्या पानाचा निमुळता भाग जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. जे बोटाला लावून चाखायचे, ज्याची गरज अधूनमधून पडते, ते डावीकडे थोडे. जे पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि कालवायचे ते उजव्या हाताच्या जवळ, पानाच्या रुंद बाजूला, जिथे पुन्हा वाढायलाही जागा असते. भोवती रांगोळी आणि महिरप असे, समई आणि उदबत्ती असे, म्हणजे देखणेपणात कोणतीही कसर नव्हती. पण ते सारे देखणेपण पानाच्या बाहेर होते. पानावर जे होते ते सारे खायचे होते आणि कोणते कुठे असणार हे डोळे मिटूनही कळत होते.

आजच्या ताटलीवर जी फुले, जे दगड, जे शेवाळ आणि ज्या वाळक्या काड्या दिसतात, त्यांतले काय खायचे आणि काय नाही हे सांगण्यासाठी स्ट्युअर्डला छोटे भाषण करावे लागते. ज्या मांडणीला सूचनांची गरज पडते तिच्यात काहीतरी चुकलेले आहे, असे माझे मत आहे.

चौथी सीट

पानसुपारी यांचा प्रतिसाद आवडला, तरी मी त्याला पूर्ण संमती देऊ शकत नाही. पंगतीतली मांडणी सर्वांना ठाऊक होती म्हणूनच ती सोपी वाटत होती. जो मनुष्य पहिल्यांदाच पानावर बसला असेल, त्याला वरण-भात आधी की मसालेभात आधी आणि लोणचे किती घ्यायचे हे कोणीतरी सांगावेच लागत असणार. शिवाय पातळ आमटी पानावर धावते, म्हणूनच वाटी किंवा द्रोण आला. सूचना देणे हा माझ्या मते दोष नाही. गगन आनंद यांच्या बँकॉकमधील रेस्टॉरंटमध्ये 'लिक इट अप' नावाचा एक पदार्थ चमच्याविना, थेट ताटली चाटून खायचा असे. तिथे सूचनाच गमतीचा भाग होती आणि त्यात कोणाची गैरसोयही होत नव्हती. सूचना ऐकूनही खाता येत नाही, तिथे मात्र तक्रार रास्त ठरते.

कोकम

या चर्चेत जेवणारा मनुष्य म्हणजे धडधाकट, तीक्ष्ण नजरेचा आणि दोन्ही हातांवर पूर्ण ताबा असलेला, असे गृहीत धरले गेले आहे, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांचे हात थरथरतात. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही दक्षिण मुंबईतील एका नामवंत ठिकाणी गेलो होतो; नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांचे वागणे अतिशय अगत्याचे होते. अडचण वस्तूंची होती. बसायला खोल, बुटका सोफा होता आणि टेबल गुडघ्यांच्या उंचीचे होते. प्रकाश इतका मंद होता की मेनूवरची बारीक करड्या रंगातली अक्षरे वाचण्यासाठी बाबांनी मोबाइलचा दिवा लावला. सूप एका रुंद कडेच्या, मधे खळगा असलेल्या ताटलीत आले. चमचा कडेवर ठेवला की आत घसरत होता. पुढचा पदार्थ गुळगुळीत काळ्या दगडावर होता, सुरीचा दाब पडला की मांसाचा तुकडा पुढे सरकत होता आणि त्याला अडवायला काठच नव्हता. बाबांनी तो तसाच ठेवला आणि 'पोट भरले' असे सांगितले. पदार्थाच्या चवीविषयी त्यांना काही म्हणायचेच नव्हते. त्यांना लाज वाटत होती.

मी स्ट्युअर्डला बाजूला बोलावून सांगितल्यावर पुढचे सर्व पदार्थ काठ असलेल्या साध्या वाडग्यातून आणि लहान तुकडे करून आले. म्हणजे स्वयंपाकघराला ते जमत होते, केवळ कोणी विचारले नव्हते. टेबल राखून ठेवताना 'काही अ‍ॅलर्जी आहे का, वाढदिवस आहे का' हे हल्ली सर्वत्र विचारतात. त्याच फोनवर 'कोणाला बसण्याची, दिसण्याची किंवा हाताची काही अडचण आहे का' असा आणखी एक प्रश्न सहज विचारता येईल.

दर्यावर्दी

कोकमताई, आपला प्रतिसाद वाचून अस्वस्थ झालो. तो प्रश्न खरोखर विचारला जायला हवा.

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. काही अन्न मुळातच नीटनेटके खाता येत नाही आणि तसे करण्याचा आग्रह धरला की त्याचा जीव जातो. फोर्टमधील 'तृष्णा'चा बटर-गार्लिक क्रॅब घ्या. कवच फोडायला अडकित्ता आणि हात पुसायला कपडा दिला की लोक कोपरापर्यंत लोणी लागेस्तोवर खातात आणि तृप्त होतात. हेच खेकड्याचे मांस सोलून, धातूच्या कड्यात दाबून, वर एक फूल ठेवून दिले, तर ते सोयीचे होईल, देखणेही होईल. पण कवच चोखताना मिळणारा रस त्यात येणार नाही. इथे गैरसोय हाच अनुभवाचा गाभा आहे. काट्यांच्या माशांचेही तेच. बोंबील, मांदेली, करली आपण ज्या हातांनी खातो त्या हातांना काटा-सुरी देऊन काही साधणार नाही. माझी एवढीच अपेक्षा असते की हाताने खायचा पदार्थ असेल तर तसे निःसंकोचपणे सांगावे, लिंबू घातलेल्या कोमट पाण्याची वाटी पदार्थाबरोबरच आणून ठेवावी आणि पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा रुमाल मांडीवर पसरून आम्हाला धाकात ठेवू नये.

पानसुपारी

दर्यावर्दी, पूर्ण सहमत. करलीसाठी तर काटा-सुरीचा शोध लागायच्या आधीची बोटेच हवीत.

परळचा भोंगा

आतापर्यंत सर्वांनी गैरसोयीविषयी लिहिले. काही वेळा प्रश्न त्याहून गंभीर असतो. टेबलावर पांढरा धूर सोडण्याची हौस सध्या लग्नांच्या कॅटरिंगपर्यंत पोचली आहे. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसला उकळतो आणि त्याचा वायू झाला की आकारमान सुमारे ७०० पटींनी वाढते. २०१७ मध्ये गुरुग्राममध्ये एका व्यक्तीने धूर ओसरण्यापूर्वीच असे पेय प्याले आणि तिच्या जठराला छिद्र पडले. त्यानंतर हरियाणाने अन्नपदार्थांत द्रव नायट्रोजन वापरण्यावर बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये त्याच शहरातील एका कॅफेत मुखवास समजून कोरडा बर्फ तोंडात घातला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात जावे लागले. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांच्या आसपास असतो. तो भांड्याच्या बाहेरच्या कप्प्यात, खाणाऱ्याच्या स्पर्शापासून दूर असेल तरच धुराचा देखावा करावा. मुले असलेल्या टेबलावर तोही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडी पाट्यांचेही तसेच. लाकडाच्या भेगांत अन्न आणि ओलावा राहतो, त्या नीट धुता येत नाहीत आणि आपल्या दमट हवेत लवकर वाळत नाहीत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील एका रेस्टॉरंटला ५०,००० पौंडांचा दंड झाला, त्याच्या कारणांत स्वच्छ न होणाऱ्या लाकडी पाट्यांवर अन्न वाढणे हेही होते.

खिडकीची जागा

एक शंका विचारतो. ताटली कशी दिसते यावरच मिशेलिनचे, म्हणजे रेस्टॉरंटांना मानांकन देणाऱ्या त्या मार्गदर्शिकेचे, तारे मिळतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मग आचारी तरी काय करणार?

गरमतवा

ती समजूत बरोबर नाही. मिशेलिनचे जाहीर निकष पाच आहेत: घटकांचा दर्जा, स्वयंपाकाच्या तंत्रावरील प्रभुत्व, चवींचा मेळ, पदार्थांतून दिसणारे आचाऱ्याचे व्यक्तिमत्त्व आणि सातत्य. सजावट, क्रॉकरी, आसनव्यवस्था यांचा ताऱ्यांशी संबंध नाही, असे ते स्वतः सांगतात. मिशेलिनची मार्गदर्शिका भारतात निघत नाही, त्यामुळे मुंबईतल्या आचाऱ्यावर तो दबाव थेट येतही नाही. दबाव येतो तो फोटोंचा. पदार्थ वरून टिपला जातो. म्हणून वरून चांगली दिसणारी पसरट मांडणी वाढली आणि खोल भांडी मागे पडली. आपल्या रस्सा-भाताला याचा सर्वाधिक फटका बसला आहे, कारण त्याला खोलगट भांडे, वाफ आणि कालवायला जागा लागते.

चौथी सीट यांनी दिलेल्या कसोटीत मी व्यवसायाच्या बाजूने एक भर घालतो. नवा पदार्थ मेनूवर जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात सर्व जण उभ्याने, लख्ख उजेडात, एकेक चमचा चाखतात आणि तो मंजूर होतो. हा प्रकार थांबवायला हवा. पूर्ण ताटली पासवर तीन मिनिटे थांबवावी, ती जेवणघरातल्या खऱ्या टेबलावर, रात्रीच्या प्रकाशात, पाहुण्याला मिळणार त्याच चमच्याने आचाऱ्याने बसून शेवटच्या घासापर्यंत खावी. शक्य असल्यास तीच ताटली ज्याने ती कधी पाहिलेली नाही अशा एखाद्या माणसाला, हिशेब पाहणाऱ्या किंवा भांडी घासणाऱ्या सहकाऱ्याला, एक शब्दही न सांगता द्यावी आणि तो पहिला हात कुठे घालतो हे पाहावे. आमच्याकडे तिसऱ्या या शिंपल्यांचा एक पदार्थ याच पद्धतीने बदलला गेला. शिंपले मिठाच्या ढिगावर रचलेले होते आणि ज्याला ताटली दिली त्याने आधी मिठालाच बोट लावून चाखले. आता ते शिंपले रश्श्यासह खोलगट वाडग्यात जातात, सोबत रिकाम्या शिंपल्यांसाठी दुसरा वाडगा असतो, आणि रस्सा टिपायला पाव लागतो हे लक्षात आल्यापासून तो मागण्याची वाट न पाहता आधीच ठेवला जातो.

कोकम

रिकाम्या शिंपल्यांच्या त्या दुसऱ्या वाडग्यासाठी विशेष आभार. तो मागावा लागला नाही, असे ठिकाण मला अजून भेटलेले नाही.